मुरलेला बॅटलर, नवखा आव्हानवीर आणि रिकामी झालेली परीक्षकांची खुर्ची

बॅटल रॅप म्हणजे यमकांच्या ओळींनी समोरच्यावर हल्ला चढवण्याची दोघांमधली लढत. तिथे नावाजलेल्या बॅटल रॅपरसमोर कमी अनुभवाचा आव्हानवीर उभा राहिला की लढतीनंतर आठवडाभर वाद रंगतो: जिंकलं कोण? अमेरिकेतल्या बड्या लीगमध्ये, म्हणजे अशा लढती भरवणाऱ्या संस्थांमध्ये, आज या प्रश्नाला बहुतेक वेळा अधिकृत उत्तरच नसतं. बीटशिवाय, म्हणजे मागे संगीताचा ताल नसताना, प्रत्येकी तीन राउंड होतात, दोघे हात मिळवतात आणि निकाल न लागताच चित्रीकरण थांबतं. ही पद्धत अलीकडची आहे. अशा जोडीचं गणित तिने पार बदललं, म्हणून इथे भर तिच्यावरच आहे.

सुरुवातीच्या काळात कौल गर्दीचा असे. १९७०च्या दशकात ब्राँक्सच्या पार्ट्यांत एमसीचं, म्हणजे माइकवर बोलणाऱ्या रॅपरचं, काम लोकांना नाचतं ठेवण्याचं होतं आणि चुरस होती ती कोणाला जास्त आरोळ्या मिळतात याची. डिसेंबर १९८१मध्ये हार्लेममधल्या एका क्लबात, अशा स्पर्धा मारण्यात हातखंडा असलेल्या एमसीवर प्रतिस्पर्ध्याने थेट नाव घेऊन, रचलेल्या ओळींनी हल्ला चढवला. गर्दी खेळवणं आणि समोरच्याला शब्दांत पकडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

पुढे परीक्षक आले. १९९६मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेल्या हिपहॉप मेळाव्यात बीटवर, ठरलेल्या वेळात, बाद पद्धतीने फ्रीस्टाइल, म्हणजे ओळी जागच्या जागी रचण्याच्या, लढती होत. २००२च्या, डेट्रॉइटमध्ये घडणाऱ्या चित्रपटाने हे रूप जगभर पोहोचवलं. त्याच्या शेवटी आव्हानवीर स्वतःची सगळी लक्तरं आधीच मांडतो आणि आधीच्या विजेत्याकडे बोलायला काही उरत नाही. हा डाव आजही नवखे खेळतात, कारण तो अजूनही लागू पडतो.

खरं वळण २००० ते २०१० या दशकातलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, इमारतींच्या आवारात लढती चित्रित होऊन डीव्हीडीवर विकल्या जाऊ लागल्या. बीट गेली, ओळी आधी लिहून पाठ केल्या जाऊ लागल्या. २००८च्या सुमारास अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये लीग उभ्या राहिल्या, व्हिडिओ इंटरनेटवर फुकट दिसू लागले आणि लढतीची तयारी काही महिन्यांची झाली. यातल्या अनेक लीगमध्ये सुरुवातीला परीक्षक होते. मग ते हळूहळू कमी झाले. बड्या नावांच्या लढतींत तर जवळजवळ नाहीसेच.

आयोजकांची बाजू पोकळ नव्हती. परीक्षक बहुधा त्याच वर्तुळातले, कालचे प्रतिस्पर्धी किंवा उद्याचे. सभागृहात ऐकू येणारं आणि कॅमेऱ्यात पकडलं जाणारं यांतही फरक पडतो: तिहेरी अर्थाची ओळ जागेवर निसटते आणि तिसऱ्यांदा व्हिडिओ पाहताना उलगडते. शिवाय निकाल नसला की वाद चालू राहतो, आणि वाद चालू राहिला की व्हिडिओ पाहिला जातो. माझ्या मते निर्णायक ठरलं ते हे शेवटचं कारण. कलेच्या बाजूने मांडलेली कारणं त्याला टेकू म्हणून आली.

किंमत मोजली ती नवख्याने. परीक्षक असताना तीनपैकी दोन राउंड जिंकले की नोंद होत असे, मग समोर कोणीही असो. आता त्याने राउंड जिंकले तरी ‘जुना आज रंगात नव्हता’ एवढ्यावर विषय संपतो. दिग्गजालाही सुख नाही. हरवून मिळवण्यासारखं काही नसतं आणि एखादी ओळ विसरून चोक झाला तर ती क्लिप वर्षानुवर्षं फिरते. त्याच्या जुन्या लढती सगळ्यांना पाहायला खुल्या असतात. आव्हानवीर त्या चाळून वापरून झालेल्या ओळी आणि अडखळण्याच्या जागा शोधतो. आव्हानवीराबद्दल मात्र दिग्गजाला फारसं काही सापडत नाही. ‘तू कोण?’ या एका मुद्द्यावर तीन राउंड निघत नाहीत. म्हणून अनुभवी माणूस नाणेफेक जिंकल्यावर सहसा प्रतिस्पर्ध्यानंतर बोलणं पसंत करतो. प्रतिस्पर्ध्याच्या ताज्या ओळीला तिथल्या तिथे उत्तर देणं हे वर्षांनी येणारं कौशल्य आहे, आणि पाठांतरावर आलेल्या नवख्याकडे ते क्वचितच असतं.

केवळ नाव पुरत नाही, हे २०१२मध्ये दिसलं. १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणातून गाजलेला रॅपर कॅनडाच्या लीगसाठी उतरला आणि तिसऱ्या राउंडमध्ये त्याने वही काढून त्यातून ओळी वाचायला सुरुवात केली. समोरचा वयाने लहान होता, पण या प्रकारात तयार होता. ‘कमी अनुभवी’ कोणाला म्हणायचं, हा प्रश्न तिथून नीट विचारला जायला हवा होता.

निकालाचं महत्त्व ऑगस्ट २०१७च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या लढतीइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही. एका बाजूला रशियातला सर्वांत नावाजलेला बॅटलर, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी लीगमधून आलेला, बाहेर फारसा ठाऊक नसलेला गडी. पाच परीक्षकांनी कौल दिला ५-० असा, आव्हानवीराच्या बाजूने. व्हिडिओला काही दिवसांत कोटीहून अधिक प्रेक्षक मिळाले. वाद तिथेही झाला, पण पराभव कोणी पुसू शकलं नाही. स्पॅनिश भाषिक फ्रीस्टाइल स्पर्धांनीही परीक्षक सोडले नाहीत. बरोबरी झाली तर तिथे जादा राउंड होतो.

अमेरिकेत नवख्यांना आधी चाचणी गटातल्या लढती खेळाव्या लागतात. तिथून वर कोणाला घ्यायचं आणि दिग्गजासमोर कोणाला उभं करायचं, हे लीगचा मालक ठरवतो, आणि दिग्गजाला नकार देण्याची मुभा असते. २०२०मध्ये सभागृहं बंद असताना रिकाम्या खोल्यांतून लढती थेट दाखवल्या गेल्या, तेव्हा गर्दीचा आवाजही नव्हता. निदान अशा दोन पिढ्यांच्या लढतींत तरी परीक्षक बसवावेत, ही मागणी जुनी आहे. तिला सर्वांत ठाम नकार येतो तो ज्यांचं मानधन नावावर ठरतं त्यांच्याकडून.