गाणं बापाकडून, भिंत आईकडून

शिंगांतून झाड फुटलेलं हरीण, अंगभर बारीक ठिपके नाहीतर अर्धचंद्रासारख्या रेघा, भडक पण न बोचणारे रंग. 'गोंड चित्र' या नावाने हे आता डायरीच्या पुठ्ठ्यावर, साडीच्या पदरावर, सरकारी कॅलेंडरवर, कुठेही दिसतं. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या शैलीतली गाजलेली नावं पाहिली, श्याम आणि व्याम आडनावांची, तर ती बहुतेक सगळी परधान समाजातली आहेत. आणि परधानांचा पिढीजात धंदा चित्रं काढण्याचा कधीच नव्हता. ते गाणारे. गोंडांचे भाट, त्यांचे वंशावळकार, त्यांच्या देवाला जागं करणारे.

गाणाऱ्यांची एक अख्खी जमात चाळीसेक वर्षांत चित्रकारांची जमात कशी झाली, याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात कथेतूनच करावी लागते, कारण परधान स्वतः तिथूनच करतात. गोंड भाऊ-भाऊ होते. बडा देव त्यांच्यावर रुसला आणि साजाच्या झाडात, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडात, जाऊन बसला. थोरल्यांना काही सुचेना. धाकट्याने एक वाद्य घडवलं, झाडाखाली बसून वाजवलं आणि देव प्रसन्न झाला. तेव्हा ठरलं की धाकट्याने देवाला आळवायचं आणि थोरल्यांनी त्याला पोसायचं. त्या धाकट्याचा वंश म्हणजे परधान आणि ते वाद्य म्हणजे बाना.

बाना दिसायला साधा. तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज, सारंगीच्या कुळातला पण तिच्यासारखा नटलेला नाही. त्याचं महत्त्व नादापेक्षा वस्तीत आहे, कारण बडा देव बान्यात राहतो अशी श्रद्धा. म्हणून परधान नुसता कलावंत नव्हता. देव त्याच्या खांद्यावर असायचा.

आपल्याकडे गोंधळ्याला ठरलेली घरं असतात, तशी प्रत्येक परधानाला ठरलेली गोंड घरं असत. दर तिसऱ्या वर्षी तो यजमानाकडे जायचा, देव जागवायचा, घराण्याची वंशावळ म्हणायचा आणि मग रात्र-रात्र कथा. गोंडवानी म्हणजे गोंड राजांच्या कथा, पंडवानी म्हणजे पांडवांच्या. रामायणीत नायक राम नव्हे, लक्ष्मण. बदल्यात धान्य, कापड, कधी जनावर. घरात कुणी गेलं तर मृताच्या वस्तूंवरही परधानाचा हक्क. व्यवहार चोख होता: यजमानाकडे जमीन होती आणि परधानाकडे त्या जमिनीची आठवण.

जमीन गेली तेव्हा मात्र दोघंही गेले. गोंडांची राज्यं मोडण्यात मराठ्यांचा हात मोठा होता, हे आपण मराठी वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. देवगडचं राज्य नागपूरकर भोसल्यांनी गिळलं आणि राणी दुर्गावतीच्या गढा-मंडल्याचा शेवट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरच्या मराठ्यांनी केला. गाण्यातले राजे त्यानंतरही शाबूत राहिले, कारण गावोगावचे गोंड मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनदार, आणि बडे शेतकरी परधानाला पोसत होते. मग इंग्रजांचे जंगल कायदे आले, सावकार आले आणि १९५१ मध्ये मालगुजारीही संपली. दर तिसऱ्या वर्षी ज्याच्या दारात जायचं त्याच्याकडेच द्यायला काही उरलं नाही. परधान मजुरीला लागले.

या आधीच्या काळाची सर्वांत बारकाईची नोंद एका मराठी माणसाने करून ठेवली आहे. शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून ते, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या, व्हेरियर एल्विन यांच्यासोबत बाहेर पडले आणि १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. पुढे पाटनगढला. एल्विन जगप्रसिद्ध झाले, हिवाळे बहुतेकांच्या लेखी त्यांचे सोबती एवढेच उरले. पण परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो हिवाळ्यांनी, १९४६ मध्ये, 'द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली'. त्यात परधान भेटतो तो गाणारा, गप्पिष्ट, यजमानाच्या घराचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस म्हणून. एल्विन ईशान्येकडे निघून गेले तरी हिवाळे त्याच मुलखात राहिले. आपल्याकडे त्यांच्यावर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं नाही, असं मला नेहमी वाटतं.

आता भिंत. गोंड-परधानांच्या घरात सणाला, लग्नाला, नवं पीक आलं की अंगण आणि भिंती सारवून त्यावर डिगना काढतात: चौकोन, त्रिकोण, एकात एक गुंफलेल्या पट्ट्या. पांढऱ्यासाठी छुई माती, लालसाठी गेरू, पिवळ्यासाठी रामरज, शिवाय काळी माती. हे काम बायकांचं. आज नावाजलेल्या चित्रकार दुर्गाबाई व्याम डिगना शिकल्या त्या आजीकडून, वयाच्या सहाव्या वर्षी. तसेच चित्रकार भज्जू श्याम यांची आई भिंत रंगवायची आणि जिथे तिचा हात पोचत नसे तेवढा वरचा भाग पोराला रंगवायला द्यायची. म्हणजे एकाच घरात दोन विद्या नांदत होत्या, आणि वेगवेगळ्या वाटांनी खाली येत होत्या. बाना बापाकडून मुलाकडे. भिंत आजीकडून, आईकडून लेकीकडे.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या पाटनगढच्याच एका पोराच्या हातात. जनगढ सिंह श्याम, जन्म १९६२च्या आसपास. जनगणना चालू असताना जन्मला म्हणून हे नाव, असं सांगतात. १९८१ मध्ये भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं. तिथल्या 'रूपंकर' संग्रहालयाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी कलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या खेडोपाडी पाठवल्या. त्यातल्या एका तुकडीला पाटनगढला भिंतीवर एक चित्र दिसलं. काढणारा विशीच्या आतबाहेरचा होता. त्याला भोपाळला आणलं, कागद दिला, पोस्टर कलर दिले. १३ फेब्रुवारी १९८२ ला भारत भवनाचं उद्‌घाटन झालं तेव्हा जनगढची कामं तिथे होती. पुढे तिथल्याच छपाई-चित्रांच्या कार्यशाळेत त्याला नोकरी लागली.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९८६ मध्ये मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं 'मॅजिशियाँ द ला तेर' हे प्रदर्शन. भोपाळच्या नव्या विधान भवनातली भित्तिचित्रं. पण या यादीपेक्षा त्याने कागदावर पहिल्यांदा काय काढलं ते महत्त्वाचं आहे. त्याने देव काढले.

इथे थोडं थांबायला हवं. परधानांच्या देवांना चेहरे नव्हते. बडा देव म्हणजे एक झाड, एक चौथरा, एक बाना. ठाकूर देव, मढिया, गावाच्या वेशीवरच्या देवी या दगडात, खांबात, मातीच्या ढिगात होत्या. त्या कशा दिसतात, कशावर बसतात, रागावल्या की काय करतात, हे फक्त गाण्यात होतं. डिगन्यात तर माणूस-देव असा आकारच दुर्मीळ. जनगढने गाण्यातलं वर्णन उचललं आणि त्याला डोळे, हात, वाहनं दिली. ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या फक्त कानाने माहीत होत्या त्या पहिल्यांदा डोळ्यांना दिसल्या. 'संगीत चित्रात उतरलं' हे वाक्य आपण फार सैल वापरतो, इथे मात्र ते जवळजवळ शब्दशः खरं आहे.

आणि ते ठिपके? त्याच्या देवांच्या, जनावरांच्या अंगावर सपाट रंग क्वचितच असतो. ठिपक्यांच्या ओळी, बारीक आडव्या रेघा, पेशींसारखे आकार अंगभर वाहत असतात, त्यामुळे चित्र स्थिर असूनही थरथरतं. कुणी म्हणतं हे गोंदणातून आलं, कुणी म्हणतं डिगन्यातून, कुणी म्हणतं बान्याच्या कंपनांतून. शेवटचं स्पष्टीकरण प्रदर्शनांच्या पत्रकांत सगळ्यांत लाडकं असतं आणि मला ते सगळ्यांत कमी पटतं. ठिपक्यात सूर शोधणं ही शहरी हौस आहे. परधानांच्या चित्रात गाण्याकडून जे आलं ते कथानक: कोण कुणाला भेटलं, कुणी कुणाला गिळलं, झाड आधी की पक्षी आधी. नक्षी आली ती भिंतीवरून, आणि तिचं श्रेय गाण्याला देऊन टाकलं की ती भिंत सारवणाऱ्या बायका हिशेबातून गायब होतात. याच कारणाने 'गोंड चित्रकलेची हजार वर्षांची परंपरा' असं कुठे वाचलं की मी पुढचं वाचताना सावध होतो. कागदावरची ही शैली १९८१ नंतरची आहे. जाणकार तिला जनगढ कलम, म्हणजे जनगढची शैली, म्हणतात, तेच नाव योग्य.

कलम म्हटलं की घराणं आलं. जनगढने पाटनगढहून पुतणे, भाचे, मेहुणे एकेक करून भोपाळला आणले. आधी ते त्याच्या चित्रांत ठिपके भरायचे, मग स्वतःची चित्रं काढायचे. एक नियम आपोआप पडला: ज्याची त्याची भरण्याची नक्षी वेगळी हवी. सही खोडली तरी नुसत्या नक्षीवरून चित्र कुणाचं ते कळावं. गाण्यातल्या घराण्यात बंदिश एकच आणि गायकी ज्याची त्याची, तसलाच हा प्रकार. त्याची बायको ननकुसिया, मुलगा मयंक, मुलगी जापानी हेही चित्रकार झाले. जापानी हे नाव बापाच्या जपानवारीवरून.

त्याच जपानमध्ये २००१च्या जुलैत जनगढने आयुष्य संपवलं. निइगाता प्रांतातल्या तोकामाची इथल्या मिथिला संग्रहालयात तो कामासाठी गेला होता, मुक्काम लांबत गेला होता. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. भारतातल्या कलावंतांनी तेव्हा प्रश्न विचारले: परदेशी नेलेल्या आदिवासी कलाकाराची जबाबदारी नेमकी कुणाची? धड उत्तर मिळालं नाही.

जनगढच्याच कलमातल्या भज्जू श्याम यांनी भोपाळला पहारेकरी म्हणून, वायरिंगची कामं करत दिवस काढले होते. लंडनच्या एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले आणि त्या अनुभवावर २००४ मध्ये चित्रांचं पुस्तक झालं. त्यात बिग बेनचा कोंबडा होतो, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. भुयारी रेल्वे गांडूळ होते आणि ठरल्या वेळी येणारी बस इमानी कुत्रा. यजमानाच्या घरी जे पाहिलं ते पुढच्या गावात रंगवून सांगायचं, ही परधानाची जुनीच सवय. फक्त गाव जरा लांबचं होतं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये दुर्गाबाईंना.

एक प्रश्न मला यात सतत टोचतो. परधान फक्त मंडल्यात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात, पलीकडे आदिलाबादेत ते आहेत, आणि त्यांच्याही हाती बान्यासारखंच गजाने वाजणारं वाद्य, किंगरी किंवा किकरी. आदिलाबादच्या परधानांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात नोंदवलं की घरात ते मराठी बोलतात आणि यजमानासमोर पुराण गातात ते गोंडीत. म्हणजे हे आपल्याच भाषेतले गाणारे. तरी इथे परधान चित्रकला उभी राहिली नाही. कला कमी होती म्हणून? मला तसं वाटत नाही. डहाणू-तलासरीकडे वारली बायका लग्नाचा चौक लिहीत आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी गायिका, तो गाऊन पुरा करी. तिथे चित्रकार भास्कर कुलकर्णी पोचले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला. पाटनगढला स्वामीनाथन यांनी पाठवलेले विद्यार्थी पोचले. किनवटला, यवतमाळच्या केळापूरला कुणी कागद घेऊन गेलं नाही, एवढंच.

तरी एक परतफेड झाली, आणि ती उलट्या दिशेने. २०११ मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं चरित्र चित्रांत सांगितलं, 'भीमायन'. गोरेगावच्या वाटेवरची तहान, बडोद्यातलं घर, महाडचं तळं. चित्रकथेच्या नेहमीच्या चौकटी त्यांनी नाकारल्या, डब्यात माणसं कोंडायची नाहीत म्हणून. चौकटीच्या जागी डिगन्याच्या पट्ट्या पानभर वळत जातात आणि त्यांच्या मधे गोष्ट चालते. बोलण्याच्या फुग्यांचेही तीन प्रकार आहेत. मऊ बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. मनातल्या विचाराला एक डोळा. आणि जो अपमान करतो, पाणी नाकारतो, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.