कलम कोणतं लागणार?

कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा, चौकशीची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: "कलम कोणतं लावलंय?" अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत सरकारी वकील आणि आरोपीचा वकील यांच्यात जी बोलणी चालतात, त्यांचा जीवही याच प्रश्नात असतो.

याला प्ली बार्गेनिंग म्हणतात. आरोपीने खटला न लढवता गुन्हा कबूल करायचा. बदल्यात आरोप हलका होतो किंवा शिक्षा कमी. डेव्हिड हेडली आठवतो? मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यासाठी रेकी करणाऱ्या या माणसाने २०१० साली शिकागोच्या कोर्टात गुन्हे कबूल केले आणि देहदंड व भारताकडे प्रत्यार्पण, दोन्ही टाळलं. तिकडे हा रोजचा व्यवहार आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या एका निकालात आकडेच दिले: दोषी ठरलेल्यांपैकी केंद्रीय न्यायालयांत ९७ टक्के, तर राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के लोक कबुलीनेच दोषी ठरतात. भारतातही २००६ पासून अशी तरतूद आहे, पण स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. अर्थात, आपल्याकडे "मिटवून टाका" म्हणणारे कोर्टाबाहेर भेटतात आणि मग साक्षीदार फितूर होतात, हेही आपण जाणतो.

लैंगिक गुन्ह्यात खटला उभा राहणं सरकारी वकील आणि आरोपी, दोघांनाही धोक्याचं वाटतं. सरकारी वकिलाच्या हातात अनेकदा पीडितेच्या साक्षीपलीकडे फारसं काही नसतं. उलटतपासणीत तिला सगळं पुन्हा, अनोळखी लोकांसमोर, तपशीलवार सांगावं लागतं. ते टळावं ही इच्छा खरी असते आणि ती मी कमी लेखणार नाही.

आरोपीला तुरुंगाइतकीच भीती असते ती यादीची. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही ठेवायला लावली आणि १९९६ नंतर ती माहिती लोकांसाठी खुली झाली. फोटो आणि पत्ता इंटरनेटवर, पोलिसांकडे ठरावीक काळाने हजेरी, काही गुन्ह्यांत तर जन्मभर. त्यामुळे आरोपीचा वकील म्हणतो, दोन वर्षं जास्त द्या, पण कलम मारहाणीचं लावा.

संशोधक एलिझाबेथ लेटुर्नो आणि सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलायना राज्यातल्या १९९० ते २००४ या काळातल्या प्रौढ आरोपींच्या खटल्यांत हेच तपासलं. लैंगिक गुन्ह्याचा आरोप सौद्यात बिगर-लैंगिक गुन्ह्यावर येण्याची शक्यता नोंदवही येण्याआधी सुमारे ९ टक्के होती. १९९५ पासून राज्यात लागू झालेल्या कायद्यानंतर ती १५ टक्के झाली आणि यादी इंटरनेटवर आल्यावर १९ टक्के. म्हणजे शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी यादी जसजशी जाचक झाली, तसतशी तिच्यातून सुटण्याची किंमत मोजायला आरोपी तयार होत गेले. सुटलेल्यांची नावं यादीत येतच नाहीत.

यादीच्या धाकाने निर्दोष माणूसही कबूल करेल का? डर्व्हन आणि एडकिन्स या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांवर कॉपीचा आळ घेऊन सौदा पुढे केला. कॉपी न केलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त जणांनी तो स्वीकारला. तिथे पणाला लागलं होतं ते फक्त मानधन आणि चौकशी समितीपुढची हजेरी. तुरुंग आणि जन्मभराची नोंद समोर असताना माणूस काय करेल, याची कल्पना केली की पोटात गोळा येतो.

सौदा ठरला की उरतं ते कबुलीचं कामकाज. न्यायाधीश विचारतात: कोणी जबरदस्ती केली का? खटल्याचा हक्क सोडताय, हे कळतंय ना? आरोपी "नाही" आणि "हो" म्हणतो. मग गुन्ह्याचं नाव मोठ्याने वाचलं जातं. मागच्या बाकावर ती बसलेली असते. तिच्यावर जे झालं त्याची कोर्टाच्या दप्तरात नोंद होते: मारहाण.