पाठीवर तबकडी, पोटाखाली होडी: अवॅक्स आणि जेस्टार्स

बोइंग ७०७ या एकाच जातीच्या विमानावर अमेरिकेने दोन वेगळी टेहळणी विमानं उभी केली: आकाशातली विमानं हेरणारं ई-३ सेंट्री, म्हणजे ज्याला आपण अवॅक्स म्हणतो ते, आणि जमिनीवरची वाहनं हेरणारं ई-८सी जेस्टार्स. दोन्हींना चार इंजिनं, दोन्हींच्या पोटात पडद्यांसमोर बसलेल्या माणसांच्या रांगा, दोन्ही आघाडीपासून अंतर राखून तासन्‌तास घिरट्या घालणारी. त्यामुळे लिहिताना आणि बोलताना दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. कुणी जेस्टार्सला ‘जमिनीवरचं अवॅक्स’ म्हणतं. ऐकायला ठीक वाटतं, पण आधुनिकीकरणाची वेळ आली तेव्हा या दोघांच्या वाटा इतक्या का फुटल्या, ते या वर्णनाने कळत नाही.

ओळखायला मात्र एक नजर पुरते. अवॅक्सच्या पाठीवर दोन खांबांवर एक भलीमोठी तबकडी असते. व्यास ९.१ मीटर, जाडी १.८ मीटर. दर दहा सेकंदांनी ती एक फेरा पूर्ण करते, त्यामुळे रडार चहूकडे पाहतं. जेस्टार्सच्या पाठीवर असलं काही नाही. त्याच्या पोटाखाली, पुढच्या भागात, सुमारे १२ मीटर लांबीचं होडीसारखं आवरण आहे आणि त्यात ७.३ मीटर लांब अँटेना. ही अँटेना फक्त बाजूला पाहते, एका वेळी डावीकडे नाहीतर उजवीकडे. म्हणून जेस्टार्सला आघाडीला समांतर लांबट फेऱ्या माराव्या लागायच्या, आणि वळण घेताना नजर काही काळ सुटायची.

एकाने वर पाहायचं नि दुसऱ्याने खाली, एवढाच फरक असता तर एकाच विमानावर दोन्ही रडारं बसवून प्रश्न मिटला असता. खरी गोम वेगात आहे.

अवॅक्सला शोधायची असतात लढाऊ विमानं, त्यातही जमिनीलगत उडणारी. रडारची लहर खाली गेली की डोंगर, घरं, झाडं, सगळ्यांवरून परत येते, आणि या गदारोळात विमानाचा क्षीण प्रतिध्वनी बुडून जातो. त्यातून वाट काढतो डॉप्लर परिणाम. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते, म्हणून ठरावीक वेगापेक्षा संथ ते सगळं गाळून टाकायचं. गाळणीचा उंबरठा खाली आणला की महामार्गावरच्या मोटारी पडद्यावर दाटी करतात. म्हणजे अवॅक्सच्या दृष्टीने ट्रकचा ताफा हा कचरा आहे, आणि तो टाकून देण्यावरच त्याची सगळी हुशारी उभी आहे. हे साधलं की साध्या हवाई रडारला न दिसणारं खालून येणारं विमान ते पावणेचारशे किलोमीटरवरूनही पकडू शकतं.

जेस्टार्सला नेमका तोच कचरा हवा. अडचण अशी की ते स्वतः ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं आणि शोधतं ताशी वीस किलोमीटरने सरकणारा ट्रक. विमानाच्या स्वतःच्या गतीमुळे स्थिर जमीनसुद्धा रडारला हलती भासते, शिवाय झोताच्या एका कडेची जमीन एका वेगाने आणि दुसऱ्या कडेची दुसऱ्या. या फैलावात ट्रकचा वेग सहज हरवतो. उपाय दोन. पहिला, अँटेना लांब करून झोत निमुळता करायचा, म्हणजे फैलाव कमी होतो. होडी एवढी लांब आहे ती यासाठी. दुसरा, अँटेनाचे भाग पाडून त्यांना मिळालेले प्रतिध्वनी एकमेकांशी ताडून जमिनीचा वाटा वजा करायचा. उरतात ते हलणारे ठिपके. थांबलेल्या वस्तूंसाठी निराळी रीत आहे: विमान पुढे सरकत असताना जमवलेले प्रतिध्वनी जोडून खूप मोठ्या अँटेनासारखं चित्र तयार करायचं, ज्यात उभी वाहनं, पूल, धावपट्ट्या दिसतात.

ठिपका हा मात्र ठिपकाच असतो. आत दारूगोळा आहे की भाजी, ते एकट्या ठिपक्यावरून कळत नाही. जेस्टार्समधले ऑपरेटर म्हणून काही तासांचे ठिपके साठवून पडद्यावर भरभर फिरवून बघत. मग इतस्ततः पसरलेल्या नोंदींमधून एखादी रांग उमटे: ठरावीक अंतर राखून एकाच दिशेने सरकणारी, एकाच फाट्यावर वळणारी. ताफा ओळखला जाई तो या चालीवरून.

१९९१ च्या आखाती युद्धात हे पहिल्यांदा दिसलं. तेव्हा जेस्टार्स तयारही नव्हतं. चाचणीच्या अवस्थेतली दोन विमानं घाईने सौदी अरेबियात नेली गेली आणि त्यांनी ४९ उड्डाणं केली. जानेवारीच्या अखेरीस इराकी तुकड्या सौदीतल्या खफजीकडे सरकू लागल्या तेव्हा, आणि फेब्रुवारीत कुवेतमधून माघारीचे लोंढे निघाले तेव्हा, रात्रीच्या अंधारात रस्त्यांवर काय चाललंय हे सेनापतींना या दोन विमानांनी दाखवलं. सपाट वाळवंट, आडोसा शून्य. यापेक्षा सोयीचं मैदान या रडारला पुन्हा क्वचितच मिळालं.

कारण जमिनीवर पाहणाऱ्याचा खरा शत्रू सावली आहे. हिशेब करून पाहा. विमान नऊ किलोमीटर उंचीवर आणि लक्ष्य अडीचशे किलोमीटरवर धरलं, तर पृथ्वीची वक्रता जमेस धरून नजर जमिनीला जेमतेम सव्वा अंशाच्या कोनात टेकते. सूर्य मावळतीला टेकला की झाडांच्या सावल्या शेतभर लांबतात, तसंच इथे होतं. वीस मीटर उंच झाडांच्या रांगेमागे जवळपास नऊशे मीटरचा पट्टा रडारला दिसतच नाही. बोस्नियासारख्या डोंगराळ मुलुखात तर दऱ्याच्या दऱ्या आड जातात. उपाय म्हणजे जवळ जा किंवा वर जा. अवॅक्सचं गिऱ्हाईक हवेत असतं, त्याला ही सावली एवढी नडत नाही. विमान जमिनीला चिकटून, दरीतून आलं तरच पंचाईत.

ही पंचाईत एकदा फार महागात पडली. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्याच दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. त्या आकाशावर अवॅक्सची देखरेख होती. हेलिकॉप्टरं डोंगरांमधून जाताना पडद्यावरून दिसेनाशी होत. पण दोष निव्वळ रडारचा नव्हता, कोण कुणाला काय सांगतो याचा गोंधळही तितकाच होता. अवॅक्सचं खरं काम यातून कळतं: ते नुसतं पाहत नाही, लढाऊ वैमानिकांशी बोलतं, त्यांना दिशा देतं, आपलं-परकं सांगतं. जेस्टार्सही विमानांना लक्ष्यं देई, पण त्याचं निम्मं गिऱ्हाईक जमिनीवर होतं. विमानात हवाई दलाच्या माणसांबरोबर लष्कराचीही असत आणि तेच रडारचित्र लष्कराच्या फिरत्या केंद्रांवर थेट उतरत असे.

आता आधुनिकीकरणाकडे. दोन्हींची मुळं ७०७ मध्ये, पण अवॅक्सची विमानं कारखान्यातून नवी कोरी निघाली होती. पहिलं १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर तळावर आलं. जेस्टार्ससाठी जुनी, वापरलेली ७०७ घेतली गेली. एअर इंडियाने १९६० मध्ये सेवेत आणली आणि ज्यांतलं ‘कांचनजंगा’ १९६६ मध्ये होमी भाभांसह मॉन्ट ब्लाँकवर कोसळलं, त्याच घराण्यातली. अशा सांगाड्यात नवा संगणक बसवणं जमतं. जेस्टार्समध्ये तो बदलला गेला, अवॅक्समध्येही सत्तरच्या दशकातली यंत्रणा जाऊन नवी आली. इंजिनांचं मात्र घोडं अडलं. ब्रिटन, फ्रान्स आणि सौदीने आपापली अवॅक्स नव्या पद्धतीच्या सीएफएम-५६ इंजिनांसह घेतली. अमेरिकेने दोन्ही ताफे जुन्या टीएफ-३३ वर चालवत ठेवले. जेस्टार्सची इंजिनं बदलायचं काम सुरू होऊन अर्ध्यावर थांबलं.

जुन्या विमानाचं दुखणं कसं असतं, त्यासाठी मार्च २००९ ची एक घटना पुरे. कतारच्या तळावरून निघालेलं जेस्टार्स हवेत इंधन घेत होतं. मोठा धडाका झाला आणि पंखातून इंधन गळू लागलं. विमान सुखरूप उतरलं, माणसं वाचली, पण टाकी आतून फाटली होती. चौकशीत निघालं ते एक बूच. मोठ्या देखभालीत चाचणीसाठी टाकीच्या हवेच्या नळीत ते बसवलं होतं आणि काढायचं राहून गेलं. इंधन आत येत राहिलं, हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. नुकसान अडीच कोटी डॉलरचं. ते विमान पुन्हा उडालंच नाही, आणि १७ चा ताफा १६ वर आला.

मग नवं विमान घ्यायचं ठरलं. बोइंगने ७३७ पुढे केलं, लॉकहीडने बॉम्बार्डियरचं छोटं जेट, नॉर्थ्रॉप ग्रुमनने गल्फस्ट्रीम. तिन्ही प्रस्ताव ७०७ पेक्षा लहान विमानांचे, कारण रडारमागची यंत्रसामग्री आता आटोपशीर झाली होती. २०१८ मध्ये हवाई दलाने स्वतःच सांगितलं की हे नकोच. रशियन एस-४०० चं सर्वांत लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र चारशे किलोमीटरपर्यंत जातं असं सांगतात, आणि जेस्टार्सला नीट दिसतं अडीचशेच्या आसपास. पाहायला जावं तर माऱ्यात, माऱ्याबाहेर राहावं तर आंधळं. विमान नवं कोरं असतं तरी हे गणित सुटलं नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जेस्टार्सची शेवटची कामगिरी झाली आणि नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावरून शेवटचं विमान गेलं.

अवॅक्सला निदान वारस नेमला गेला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने ई-७ वेजटेल निवडलं: ७३७ चं विमान, पाठीवर फिरणाऱ्या तबकडीऐवजी स्थिर पातं, ऑस्ट्रेलियाकडे आधीपासून सेवेत. दरम्यान जुनी अवॅक्स ३१ वरून १६ वर आणली गेली. पण जून २०२५ मध्ये पेंटॅगॉनने ई-७ वरही काट मारायचं सुचवलं आणि अमेरिकी संसदेने हरकत घेतली. ब्रिटनची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांनी २०२१ या एकाच वर्षात दोन्ही काढून टाकली, अवॅक्स आणि जमीन पाहणारं सेंटिनेल. अवॅक्सच्या जागी तीन ई-७ मागवली. सेंटिनेलच्या जागी कुणीच नाही.

जमिनीच्या कामाचं मग काय? नाटोने एक उत्तर सिसिलीतल्या सिगोनेला तळावर ठेवलंय: पाच फीनिक्स, म्हणजे ग्लोबल हॉक जातीची वैमानिकाविना उडणारी विमानं. ती अठरा किलोमीटरपर्यंत चढतात. तेवढ्या उंचीवरून अडीचशे किलोमीटरवरच्या लक्ष्याशी कोन सव्वातीन अंशांच्या आसपास येतो आणि झाडांमागचा आंधळा पट्टा नऊशेवरून साडेतीनशे मीटरवर. दुसरं उत्तर उपग्रह. अवकाशातून हलती लक्ष्यं टिपणारी यंत्रणा उभारत असल्याचं अमेरिकेच्या स्पेस फोर्सने २०२१ मध्ये जाहीर केलं. उपग्रहाला सावली फारशी नडत नाही, क्षेपणास्त्राचा धाकही कमी. पण खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावतो, म्हणजे जमिनीच्या भासमान वेगाचा तोच जुना फैलाव कित्येक पटींनी वाढून येतो, आणि एका मुलुखावर तो टिकतो काही मिनिटं. सलग नजर ठेवायला उपग्रहांचा थवाच लागेल. थवा पुरता उभा राहण्याआधी विमानं मोडीत काढली, हा मला तरी उतावळेपणा वाटतो.

भारताकडे पाहताना हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो. रशियन आयएल-७६ वर इस्रायली फाल्कन रडार बसवलेली विमानं २००९ पासून आली, आणि डीआरडीओने ब्राझीलच्या एम्ब्रेअर विमानावर उभारलेलं नेत्र २०१७ मध्ये हवाई दलाला मिळालं. ही दोन्ही अवॅक्सच्या घरची, आकाश राखणारी. जेस्टार्सच्या तोडीचं, खास जमिनीवर नजर ठेवणारं विमान आपल्या हवाई दलाने चालवलेलं नाही. गलवाननंतर लडाखवर नजर ठेवायला नौदलाची पी-८आय पाठवावी लागली, जी मुळात पाणबुड्या शोधायला घेतली होती. असं विमान उद्या घ्यायचं ठरलं तर आखाती युद्धातले आकडे इथे लावता येणार नाहीत. लडाखमध्ये रडारच्या वाटेत वीस मीटरची झाडं येत नाहीत, सहा हजार मीटरचे कडे येतात. तिथे विमान सीमेच्या बरंच जवळ आणावं लागेल, म्हणजे पुन्हा समोरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात.