ज्येष्ठ नागरिकांसाठी मालमत्ता कर सवलतीची पात्रता

मालमत्ता कर, म्हणजे रोजच्या बोलण्यातली घरपट्टी, घराच्या किमतीवर किंवा भाडेमूल्यावर ठरतो. मालकाच्या कमाईशी त्याचा संबंध नसतो. नोकरी सुटल्यावर उत्पन्न आटते, पण आसपासच्या जागांचे भाव चढले की बिल वाढत राहते. घर विकल्याशिवाय तो वाढीव भाव हाती पडत नाही. या कोंडीवर उपाय म्हणून अनेक देशांतील राज्ये व नगरपालिका वृद्ध मालकांना सवलत देतात.

पहिली अट वयाची. अमेरिकेत ती बहुधा ६५ वर्षांची असते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात करस्थगितीसाठी, म्हणजे कर भरणे पुढे ढकलण्यासाठी, ५५ वर्षे पुरतात. मात्र नुसत्या वयावर सवलत देणे अन्यायाचे आहे, कारण त्यात श्रीमंत वृद्धालाही गरजू वृद्धाइतकाच लाभ मिळतो. म्हणून इतर अटी येतात. अर्जदाराचे नाव मालकी हक्काच्या नोंदीत हवे आणि तो स्वतः त्या घरात राहत असावा. भाड्याने दिलेले किंवा दुसरे घर सहसा वगळले जाते. दिल्ली महानगरपालिकेची ज्येष्ठांसाठीची ३० टक्के सूट स्वतः राहत असलेल्या एकाच घराला आणि २०० चौरस मीटर क्षेत्रापर्यंतच लागू होते.

उत्पन्नाची अट सर्वांत न्याय्य म्हणता येईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये वृद्धांसाठी अशी योजना आणली. तिचे सूत्र असे, की उत्पन्नाच्या मानाने कर डोईजड झाला तर त्याचा काही भाग राज्य परत करते. टेक्सासची पद्धत निराळी आहे. तेथे मालक ६५ वर्षांचा झाला की त्याच्या राहत्या घरावरील शाळा-कराची, म्हणजे मालमत्ता करातील शाळांसाठीच्या भागाची, रक्कम गोठते. डागडुजीने ती वाढत नाही, नवी खोली बांधली तर वाढते. ब्रिटिश कोलंबियातील स्थगिती ही तर सूट नसून कर्जच आहे. कर सरकार भरते, घरावर बोजा चढतो, व्याज लागते आणि घर विकताना सारे फेडावे लागते.

पात्र असूनही अनेकजण वंचित राहतात, कारण सवलत बहुतेक ठिकाणी मागावी लागते. वयाचा, मालकीचा आणि जेथे लागतो तेथे उत्पन्नाचा पुरावा जोडून मुदतीत अर्ज करावा लागतो; काही योजनांत तो दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. सर्वाधिक झळ बसते ती घर अजून दिवंगत पतीच्याच नावावर असलेल्या विधवेला. ती त्याच घरात राहते, तिचे उत्पन्नही तुटपुंजे असते, पण वारसनोंद झालेली नसल्याने अर्ज अडतो. पतीच्या नावे असलेली सवलतही त्याच्यामागे बंद पडू शकते. टेक्सासने यासाठी वेगळी तरतूद केली आहे: मृत्यूच्या वेळी हयात जोडीदाराचे वय ५५ किंवा अधिक असेल आणि तो त्याच घरात राहत असेल, तर गोठवलेला कर त्याच्यासाठीही तसाच राहतो.