वाहनाची झडती (भारतीय कायदा)

गुन्ह्याशी संबंधित वस्तू शोधण्यासाठी पोलिसांनी, किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या अन्य अधिकाऱ्याने, मोटार, दुचाकी, ट्रक अशा वाहनात घेतलेला शोध म्हणजे वाहनाची झडती. कागदपत्रांची तपासणी ही झडती नव्हे. गल्लत होते ती नेमकी इथे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाला परवाना दाखवावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१८ च्या दुरुस्तीनंतर तो मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवला तरी चालतो. मात्र परवाना पाहण्याच्या या अधिकारातून डिकी उघडायला लावण्याचा अधिकार आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा कायदेशीर आधार लागतो.

हा आधार समजून घ्यायचा तर एका व्याख्येपासून सुरुवात करावी लागते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ने ‘ठिकाण’ या शब्दात घर, इमारत, तंबू यांच्याबरोबर वाहन आणि जलयानही धरले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (पुढे ‘संहिता’) तीच कल्पना कायम आहे. म्हणजे झडतीच्या बाबतीत चारचाकी ही चाकांवरची खोलीच, आणि घराच्या झडतीचे नियम शक्य तितपत तिलाही लागू होतात. अमेरिकेत वाट उलटी निघाली. वाहन पळून जाऊ शकते, या कारणाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ च्या कॅरोल खटल्यात वॉरंटच्या अटीला वाहनापुरता अपवाद केला. इंग्रजी चित्रपट-मालिकांतून ऐकलेले ‘वॉरंट दाखवा’ हे वाक्य त्यामुळे तिथल्या रस्त्यावरही फारसे कामाचे नाही आणि इथे तर नाहीच.

इथे वॉरंटशिवाय झडती घेता येते ती मुख्यतः संहितेच्या कलम १८५ खाली (जुने कलम १६५). तपासाला आवश्यक अशी वस्तू त्या ठिकाणी सापडेल आणि ती इतर मार्गाने वेळेत मिळणार नाही, असे मानायला पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा तपास अधिकाऱ्याकडे वाजवी कारण असले पाहिजे. हे कारण, आणि शक्य असेल तर शोधायची वस्तू, केस डायरीत (तपासाच्या रोजच्या नोंदवहीत) आधी लिहायची असते. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे जाते, आणि ठिकाणाच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केल्यास त्यालाही ती विनाशुल्क मिळते. ही प्रत मागणारे फार थोडे. खरे तर पुढे वकिलाच्या सर्वांत उपयोगी पडणारा कागद हाच.

प्रत्यक्ष झडतीची पद्धत कलम १०३ मध्ये आहे. दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित स्थानिक पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर झडती घ्यायची, जप्त वस्तूंची यादी करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. ताबेदाराला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी हजर राहू द्यावेच लागते आणि यादीची प्रत द्यावी लागते. वस्तू अंगावर लपवल्याचा संशय असल्यास अंगझडतीही घेता येते. स्त्रीची अंगझडती मात्र स्त्रीनेच, सभ्यतेची पुरेपूर दक्षता घेऊन घ्यायची. महामार्गावर रात्री दोन वाजता स्वतंत्र पंच आणायचे कुठून, ही पोलिसांची अडचण खोटी नाही. पण याच अडचणीतून त्याच त्या माणसांना प्रत्येक पंचनाम्यावर उभे करण्याची सवय लागते, आणि उलटतपासणीत असे पंच टिकत नाहीत. कलम १०५ ने आता झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. मोबाइलवर केलेले चालते.

अमली पदार्थांच्या प्रकरणांत एनडीपीएस कायदा, १९८५ लागू होतो आणि गुंतागुंत वाढते. इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागेच्या झडतीसाठीच्या कलम ४२ मध्ये अशी अट आहे, की मिळालेली माहिती लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी. सार्वजनिक जागेतल्या कारवाईसाठीच्या कलम ४३ मध्ये ती नाही. मग रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी सार्वजनिक जागा ठरते का? बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०२१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले: रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरची खासगी जीप सार्वजनिक वाहन नव्हे, म्हणून कलम ४२ पाळायला हवे होते. ते पाळले नव्हते आणि आरोपी सुटले. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा कलम ५० मधला हक्क मात्र फक्त अंगझडतीपुरता आहे. पिशवी, बॅग किंवा वाहन यांना तो लागू नाही, असे पवनकुमार खटल्यात (२००५) ठरले.

झडती नियमबाह्य ठरली, तर सापडलेला मुद्देमाल पुरावा म्हणून बाद होतो, हा समज सर्वसाधारणपणे चुकीचा आहे. पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले की, पुरावा संबद्ध असेल आणि घटनेत किंवा कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो नाकारता येत नाही. पद्धतीतल्या चुकांनी पुराव्याचा विश्वासार्हपणा कमी होतो, आणि तो वाद न्यायालयात घालायचा असतो. रस्त्यावर धक्काबुक्की केल्यास वेगळा गुन्हा दाखल होतो: भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर), म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने ३५३. अधिकाऱ्याचे नाव विचारणे, कारण विचारणे, हरकत आहे असे तोंडी सांगणे यात बळाचा वापर नाही. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्तीही नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चे आरोपीला संरक्षण आहे, आणि पोलिसांच्या चौकशीत साक्षीदारालाही संहिता ती मुभा देते.

वाहनच जप्त झाले, तर खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते. मालक न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) ते परत मागू शकतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवून उपयोग नाही; योग्य बंधपत्र, हमी आणि जामीन घेऊन ती सोडण्याचे आदेश दंडाधिकाऱ्यांनी लवकर द्यावेत. तरीही ठाण्यांच्या आवारात चाके जमिनीत रुतलेल्या, गवत उगवलेल्या गाड्या दिसतात. त्यातल्या काहींसाठी कुणी अर्जच केलेला नसतो.