खोललंच आहे, तर पंपही बदलायचा का?

गाडी टायमिंग बेल्ट बदलायला दिलेली असते. दुपारी मेकॅनिकचा फोन येतो, "इंजिन खोललंच आहे, तर वॉटर पंप आणि टेन्शनरही टाकून घेऊ या का?" वॉटर पंप म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, खेळवणारा पंप. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली. आपण गोंधळतो. पंप चालतोय, गळत नाही, इंजिन तापत नाही. मग धडधाकट भाग का काढायचा? शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र प्रत्येक भागाचं वेगळं असतं.

क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) एक फेरी, हा हिशेब बेल्टचा दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल, तर कॅमशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला की ही पाळी चुकते, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून पट्टा ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी बदलतात, जे आधी येईल तेव्हा. गाडी कमी चालवणाऱ्यांनी वर्षांची अट विसरू नये. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन रबराला उभ्या गाडीतही म्हातारं करतात.

बऱ्याच इंजिनांत हाच पट्टा वॉटर पंपही फिरवतो. पंपाच्या सीलमध्ये एक गुळगुळीत कडी दुसरीवर घासत फिरते, बहुधा कार्बनची सिरॅमिकवर, आणि दोघींच्या मधला कूलंटचा अतिशय पातळ थर वंगणाचं काम करतो. ही झीज कुणाला चुकवता येत नाही. सील थकलं की निसटलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून पंपाच्या अंगावर एक बारीक भोक ठेवलेलं असतं. जुना पंप हातात आला की मी आधी ते भोक शोधतो. भोवती सुकलेल्या कूलंटची खपली धरलेली असेल, तर सीलने हार मानायला सुरुवात केलेली असते. मग दांडा चिमटीत धरून हलवायचा. डुगडुगला, तर बेअरिंग गेलं. टेन्शनरच्या पुलीलाही बोटाने फिरवून बघावं. ग्रीस शाबूत असलेली पुली थोड्या जडपणे फिरून थांबते, सुकलेली सैल भिरभिरते आणि कानाशी धरली की कोरडी खरखर ऐकू येते.

आता हिशेब. समजा, पंपाची किंमत इंजिन खोलण्या-जोडण्याच्या मजुरीच्या एक तृतीयांश आहे. बेल्टसाठी मजुरी आज द्यायचीच आहे, म्हणून आज खर्च फक्त पंपाचा. आज पंप बदलला नाही आणि पुढचा बेल्ट बदलायच्या आत तो गेला, तर पंप आणि मजुरी मिळून त्याच्या चौपट खर्च येईल. म्हणजे तो मध्येच जाण्याची शक्यता २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल, तर आजच बदलणं स्वस्त. रस्त्यात इंजिन तापून हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकण्याचा धोका यात धरलेलाच नाही. म्हणून पट्ट्यावर फिरणारा पंप आणि टेन्शनर यांना मी नेहमी होकार देतो.

पण "सगळंच नवं टाका" हा सल्ला मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी ब्रिटिश कोस्टल कमांडच्या (हवाई दलाची समुद्रावर गस्त घालणारी शाखा) विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० उड्डाणतासांनी होणाऱ्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि पुढे हळूहळू कमी होत. थोडक्यात, चालत्या यंत्रात हात घालणं हेही बिघाडाचं एक कारण होतं. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांच्या अहवालात आढळलं की विमानाच्या अभ्यासलेल्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भागांचे बिघाड वयाबरोबर वाढत होते. ६८ टक्क्यांत बिघाडाचा धोका सुरुवातीलाच जास्त होता, नंतर तो कमी होऊन स्थिर राहत होता. गाडी म्हणजे विमान नव्हे, तरी तर्क तोच. नव्या भागात कारखान्यातला दोष असू शकतो, गॅस्केट (जोडातून गळती रोखणारी पट्टी) तिरकं बसू शकतं, बोल्ट कमी-जास्त आवळला जाऊ शकतो.

त्यामुळे मी दोनच गोष्टी विचारतो. हा भाग वापराने झिजणारा आहे का? आणि त्याच्यापर्यंत जायची वाट आज खोललेलीच आहे का? सेन्सर बहुतेक वेळा पूर्वसूचना न देता जातो, त्याला वयावरून बदलण्यात अर्थ नाही. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) बेल्टच्या कव्हरबाहेर असेल, तर तो बिघडल्यावर वेगळा काढता येतो. पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असेल आणि ती आवाज करत नसेल, तर नुसतं वय बघून तिला हात लावू नये. कॅमशाफ्टच्या सीलमधून मात्र तेल पाझरत असेल, तर ते आजच बदलावं, कारण तेल नव्या पट्ट्याचं रबर खराब करतं.

पंप बदलल्यावर कूलंटमधली हवा पूर्ण काढली का, हे मेकॅनिकला जरूर विचारा. आत अडकलेला हवेचा बुडबुडा नव्या पंपासहही इंजिन तापवू शकतो. पहिले काही दिवस सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतली कूलंटची पातळी बघत जा आणि गाडीखालच्या जमिनीवर थेंब दिसतो का, तेही.