हेडफोनसाठी घरगुती व्हॉल्यूम कंट्रोल

स्टीरिओ हेडफोन आणि मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही किंवा मिक्सर यांच्या मध्ये जोडायची छोटी डबी. तिच्यातला दुहेरी पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून ओहममधला रोध बदलायचा भाग; इथे एकाच दांडीवर दोन) फिरवला की दोन्ही कानांतला आवाज एकाच वेळी कमी-जास्त होतो. तिला बॅटरी लागत नाही. ती आवाज फक्त घटवते, वाढवू शकत नाही. टीव्हीची पहिलीच पायरी कानाला मोठी वाटते, तिथे तिचा खरा उपयोग. संवेदनशील इअरफोनमध्ये सतत येणारी ‘स्स्’ सुद्धा तिने दबते, कारण ती खरखर यंत्राच्या ॲम्प्लिफायरमधूनच येते आणि गाण्याबरोबर तीही घटते.

पॉट किती ओहमचा?

बहुतेक फसलेल्या डब्या इथेच फसतात. नागपुरात सुटे भाग घ्यायला लोक सीताबर्डीत जातात. तिथे नुसते ‘व्हॉल्यूम कंट्रोल द्या’ म्हटले तर १० किंवा १०० किलोओहमचा पॉट हाती पडण्याची शक्यता मोठी, कारण ॲम्प्लिफायरच्या इनपुटला तोच लागतो. हेडफोनला तो चालत नाही. सर्वसाधारण हेडफोन ३२ ओहमचा असतो. १० किलोओहमचा पॉट अर्ध्यावर असताना वर ५,००० ओहम, खाली ५,००० ओहम आणि खालच्या भागाला समांतर ३२ ओहमचा हेडफोन, अशी जोडणी होते. खालचा भाग प्रत्यक्षात ३२ ओहमचाच उरतो आणि आवाज ४४ डेसिबलने कोसळतो. मूठ जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावी तेव्हा काही ऐकू येते, आणि मग एकदम भडका उडतो.

१०० ओहमचा पॉट उत्तम. अर्ध्यावर घट ११ डेसिबल, पाव फेऱ्यावर १६, पाऊण फेऱ्यावर साडेसहा; मूठ फिरेल तसा आवाज सारखा चढतो. ५०० ओहमच्या पॉटला अर्ध्यावर २० डेसिबल घट येते, तोही चालतो. १ किलोओहम ही शेवटची मर्यादा. पॉट लिनिअर, म्हणजे फेऱ्याच्या प्रमाणात रोध सारखा बदलणारा, ‘बी’ खुणेचा घ्यावा. आवाजासाठी लॉग, म्हणजे आधी हळू आणि शेवटी झपाट्याने बदलणारा, ‘ए’ खुणेचाच पॉट हवा, हा नियम इथे उलटा पडतो: हेडफोनच्या भारानेच लिनिअर पॉटची चाल लॉगसारखी वाकते, आणि लॉग पॉट लावला तर मधला सगळा फेरा मुका जातो.

कमी ओहमचे आणखी एक कारण आहे. अर्ध्यावरचा ५०० ओहमचा पॉट हेडफोनला १२५ ओहमचा स्रोत भासतो, १०० ओहमचा फक्त २५. हेडफोनचा रोध प्रत्येक सुराला सारखा नसतो, त्यामुळे स्रोताचा रोध जितका मोठा तितका आवाजाचा पोत बदलतो. काही हेडफोनांत बास फुगतो आणि सैल होतो.

दुहेरी १०० ओहमचा पॉट मिळाला नाही, तर दोन पोल-सहा वे रोटरी स्विच (प्रत्येक बाजूचा एक सामाईक पाय, म्हणजे पोल, सहा पायांपैकी एकाला जोडणारा फिरता स्विच) आणि दहा रेझिस्टर घ्यावेत. प्रत्येक बाजूला १८, २७, २७, १८ आणि १० ओहम या क्रमाने साखळी करावी. १८ कडचे टोक इनपुटला, १० कडचे ग्राउंडला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सामाईक परतीच्या तारेला. इनपुट, मधले चार सांधे आणि ग्राउंड अशा सहा जागा स्विचच्या सहा पायांना, आणि पोल हेडफोनला. ३२ ओहमच्या हेडफोनवर घट अनुक्रमे ०, ५, १०, १५, २२ डेसिबल आणि शेवटी शांतता. पाव वॅटचे रेझिस्टर पुरतात. १ व्होल्टला ३२ ओहमच्या हेडफोनात जेमतेम ३१ मिलिवॅट जातात. शिवाय डावा-उजवा तोल स्वस्त पॉटपेक्षा कितीतरी चांगला राहतो. जरा जास्त सोल्डरिंग करायची तयारी असेल तर हीच जोडणी निवडावी.

जोडणी

साडेतीन मिलिमीटरच्या स्टीरिओ पिनचे टोक डावीकडचे, मधले कडे उजवीकडचे, मागचा भाग ग्राउंड. पॉटची दांडी स्वतःकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून १, २, ३. पाय ३ ला इनपुट, २ ला हेडफोन, १ ला ग्राउंड. दोन्ही गँगना, म्हणजे दुहेरी पॉटच्या दोन्ही भागांना, तसेच. ग्राउंडची तार पिनपासून सॉकेटपर्यंत अखंड न्यावी आणि दोन्ही गँगचे १ नंबर पाय तिलाच जोडावेत.

जुन्या इअरफोनची केबल वापरली तर तिच्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि आत धागाही असतो. बहुधा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. तरी मल्टिमीटरने खात्री करावी. लाख ब्लेडने खरवडली की तारा तुटतात. गरम टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार काही सेकंद बुडवावी. लाख जळते आणि सोल्डर धरतो. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते.

पाच पायांच्या सॉकेटमध्ये दोन पाय आतल्या स्विचचे असतात. तार चुकून त्यांना गेली तर पिन घालताच आवाज जातो. कोणता पाय कुठला, हे सॉकेटमध्ये पिन घालूनच तपासावे.

बिघाड आणि त्यांची कारणे

मूठ उलटी चालते: १ आणि ३ ची अदलाबदल झाली आहे. गाणाऱ्याचा आवाज गायब आणि वाद्ये पोकळ वाटतात: ग्राउंड तुटले आहे, आणि कानात डाव्या-उजव्यातला फरक तेवढा येतो आहे. आवाज शून्यावर जातच नाही: पाय १ लोंबकळतो आहे. इनपुट २ ला आणि हेडफोन ३ ला लागला तर वरवर सगळे ठीक वाटते, पण मूठ शून्यावर आणताच यंत्राचे आउटपुट शॉर्ट होते. ही चूक सर्वांत वाईट. म्हणून हेडफोन लावण्याआधी मूठ शून्यावर ठेवून इनपुटच्या पिनवर टोक आणि ग्राउंड यांत मल्टिमीटर धरावा; पॉटचा पूर्ण रोध दिसला पाहिजे.

एक कान आधी वाजू लागणे हा जोडणीचा नव्हे, पॉटचा दोष. दोन गँगचे १-२ पायांमधले रोध एकाच जागी मोजावेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दुसरा पॉट घ्यावा. माइक असलेल्या चार भागांच्या पिनेला ही डबी चालत नाही, माइक बंद पडतो. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड आउटपुटला (डाव्या-उजव्या प्रत्येकाच्या दोन वेगळ्या तारा असतात) चार गँग लागतात.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की इन्सुलेशन टेपचा चिकट थर पाझरतो आणि टेप सरकते. सांध्यांवर हीट श्रिंक स्लीव्हच (तापवली की आवळणारी नळी) घालावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ग्लू गनचा गोंदही मऊ पडतो, म्हणून केबलला डबीच्या आत गाठ मारावी, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. धूळ आणि कूलरची ओल मिळून पॉटच्या कार्बनवर बसते आणि मूठ फिरवताना खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस फेरे, एवढे पुरते. शिलाई मशीनचे तेल घालू नये. चार दिवस बरे वाटते, मग त्याच तेलात धूळ चिकटून पॉट कायमचा खराब होतो.